ह्यात पूल कुठंय?

आमच्या गावात पेपर कुणी वाचत नसे, पेपर ऐकत असत. वाचायचे एकटे अप्पा, माझे वडील. घाटनांदूरच्या अंगाने आलं की फाट्यावर उतरून ओढा ओलांडायचा, की लागलं आमचं गाव, आणि गावात शिरताच उजव्या हाताला आमचं किराणा दुकान. दुकानापुढे दगडी ओटा. दुपारपर्यंत अप्पांची लिंगपूजा, जेवण सगळं उरकलेलं असे, कपाळावरच्या भस्माच्या रेघा वाळून पांढऱ्याफेक झालेल्या असत, आणि दूधवाला फाट्यावरून पेपर घेऊन यायच्या आत ओटा भरलेला असे. अप्पा चष्मा लावत आणि पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात सुरू करत. एक बातमी संपली की चष्मा कपाळावर सारत. ती खूण होती, आता बोला. पण ती मुभाही सगळ्यांना एकदम नव्हती. आधी बोलायचे रंगनाथ पाटील. ते खांबाला टेकून बसत, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारत आणि ‘आता असं हाय बगा’ म्हणून सुरुवात करत. मग दिगंबर. खरी सरपंच त्याची बायको कौसाबाई, कारण जागा बायांसाठी राखीव सुटली होती, पण ओट्यावर बसायचा दिगंबर. त्यानंतर ओट्याच्या कोपऱ्यावर शिलाईमशीन मांडून बसलेले इस्माईलचाचा, आणि मग उरलेले. पोळ्याला बैल जसे मानाच्या क्रमाने तोरणाखालून जातात, तशीच आमच्या गावात मतं जायची. परदेशी कंपन्या याव्यात की न याव्यात इथपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळ्याचा निकाल तिथे लागायचा.

मी ओट्यावर नव्हते. मी आत होते, दुकान आणि माजघर यांच्यामधल्या दारामागे. तिथे सुपात तूरडाळ घेऊन मी खडे निवडत बसे. डाळ हे निमित्त होतं, कान बाहेर असायचे. अप्पांनी चष्मा कपाळावर सारला की नाही हे मला दिसायचं नाही, पण मधल्या शांततेवरून कळायचं. पाटील काही बोलले की माझ्या तोंडात उत्तर तयार असे. ‘आवो पण गेल्या आठवड्यात तर तुमीच उलटं म्हणालतात!’ असं मी सुपाला सांगायची. दिगंबरने हो ला हो केलं की सुपावर चापट मारायची. आई चुलीपाशी आमटीचा येसर भाजत असे, धने-गव्हाचा तो खमंग धूर घरभर पसरलेला असे, आणि त्या धुरातून तिचा आवाज यायचा, ‘‘कुणाशी बोलायलीस गं नंदे? लागीर झालंय का तुला?’’ खरंच काहीतरी झालं होतं. पायात मुंग्या भरल्यासारखं व्हायचं. मी उठायची, न्हाणीघरापर्यंत जायची, परत यायची, उगाच माठातलं पाणी हलवायची. आज गुडघे कुरकुरतात आणि एका जागी तासभर बसले तरी काही वाटत नाही. पण त्या वयातली ती तगमग आठवली की अजूनही मला स्वतःची थोडी भीती वाटते.

त्या वर्षी तगमगीला कारणही होतं. दहावी झाली आणि अप्पांनी, पाटलांना न विचारता, माझं नाव अंबाजोगाईच्या कॉलेजात घातलं. गावातल्या मुलींत मी पहिलीच. सकाळची गाडी गावात यायची, तिने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असं ठरलं. नव्या ड्रेसची दोन कापडं इस्माईलचाचांनी शिवून दिली, आणि माप घेताना आईला म्हणाले, ‘‘भाबी, बाही थोडी लंबी ठेवली हाय, पोरगी कालिजातून बी वाढत येनार.’’ आणि मग एका पावसात ओढ्यावरचा पूल गेला. गेला म्हणजे मधला भाग वाहून गेला, दोन्ही काठांवर दोन तुकडे तसेच उभे राहिले. गाडी फाट्यावरून पुढे यायची थांबली. मुलगे पँट गुडघ्यावर दुमडून, दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून पलीकडे जायचे. पाणी रोज काही फार नसायचं. पण मुलीने सगळ्या गावादेखत सलवार वर धरून ओढ्यातून कसं जायचं? हे कुणी बोललं नाही. बोलावं लागलंच नाही. अप्पा एवढंच म्हणाले, ‘‘पूल झाला की जा.’’ लातूरला काकांच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं होती, आणि वसतिगृहाचं नाव काढलं तरी आई पदर डोळ्यांना लावायची. कॉलेज सुरू झालं. मी घरी डाळ निवडत होते. दसऱ्यापर्यंत आली नाही तर नाव काढून टाकू, असा निरोप आला. तेवढ्यात उदगीरच्या कापडदुकानवाल्यांकडून स्थळाची विचारणा आली, आणि आई माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. माझ्यासाठी हिशोब साधा होता. पूल आधी आला तर कॉलेज, नाही तर उदगीर.

ओट्यावर पुलाची चर्चा रोज व्हायची. पाटील म्हणायचे, अर्ज दिलाय. दिगंबर म्हणायचा, दिलाय तर. इस्माईलचाचा म्हणायचे, देखो, होईल. आणि अप्पा पान उलटायचे.

अशात लातूरहून बसवराज आला. बसू माझा चुलतभाऊ, संगणकाचा कोर्स केलेला, अंगात जीनचं जाकीट आणि बोलण्यात मुंबईदिल्ली. आमच्या दुकानाला लागूनच अप्पांचा टेलिफोनचा बूथ होता, पिवळ्या पाटीचा. त्याच बूथात टेबल टाकून त्याने संगणक मांडला, त्याच्यावर आईची जुनी भरतकामाची चादर पांघरली आणि बाहेर ‘इंटरनेट सुरू’ अशी पाटी लावली. सुरू व्हायचं ते मात्र नवसाने. आधी वीज हवी, मग फोनची लाइन हवी, मग लातूरचा नंबर लागायला हवा. तो लागला की फोनला जोडलेल्या डबीतून किंचाळल्यासारखा, घशात काही अडकल्यासारखा एक लांबलचक आवाज यायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून दारातली म्हैस दावं तोडून पळाली. अप्पा बूथातल्या मीटरवर वाढत जाणाऱ्या बिलाच्या लाल आकड्यांकडे बघत बसायचे. बसू त्यांना समजावायचा, ‘‘काका, आता तुमी आन मंत्री एकाच लाइनीत.’’ अप्पा म्हणाले, ‘‘लाइन लागनार व्हय? रेशनसारखी?’’ ‘‘न्हाई हो. हितं लाइनच न्हाई. जो आधी लिवील त्याचं आधी. हितं कुणी पाटील न्हाई, कुणी कुळवाडी न्हाई.’’ पाटील ओट्यावर नाहीत हे बघूनच तो हे बोलला होता.

सुट्टीत लातूरला काकांकडे असताना मी टायपिंग शिकले होते. बसू दोन बोटांनी कोंबडीने दाणे टिपावेत तसा लिहायचा, म्हणून दुपारी त्याला जेवायला सोडून मी त्याच्या खुर्चीवर बसायची. त्यानेच मला तो कट्टा दाखवला. एका वर्तमानपत्राच्या साइटवर लोक आपापली मतं लिहायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, वाचताना जिभेला ठेचा लागायच्या. पण मी वाचत सुटले. पाण्यावर भांडण, शाळेवर भांडण, निवडणुकीवर भांडण. अमेरिकेतला कुणी इंजिनियर, पुण्याचे कुणी प्राध्यापक, आणि एकदा सांगलीकडची एक गृहिणी. तिने त्या प्राध्यापकांना लिहिलं होतं की तुमचा मुद्दा चुकलाय, रांगेत घागर घेऊन उभे राहा म्हणजे कळेल. प्राध्यापकांनी तिला उत्तर दिलं. तिने परत खोडलं. तू कुणाची सून, तुला मध्ये कुणी बोलायला सांगितलं, असं तिला एकानेही विचारलं नाही. मी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीवरून उठून बूथच्या बाहेर आले, कारण मला बसवेना. कुठेतरी एक असा ओटा आहे जिथे दारामागून ऐकावं लागत नाही, हे कळल्यावर आपलं दार जास्तच टोचायला लागतं. त्या कट्ट्यावर शिव्याही होत्या, खोटं नाव घेऊन थुंकणारेही होते. पुढे काय काय वाढून ठेवलंय याचा वास तेव्हाही येत होता. पण तो वास मी मनावर घेतला नाही. त्या वयात कोण घेतं?

आणि एके दिवशी अप्पांनी ओट्यावर बातमी वाचली, की रस्ते आणि पूल ज्यांच्याकडे आहेत ते मंत्री अमुक दिवशी सकाळी तासभर इंटरनेटवरून जनतेच्या प्रश्नांना थेट उत्तरं देणार आहेत. अप्पांनी चष्मा वर सारला. नेहमीची शांतता पसरली, आणि मग क्रम मोडून सगळे एकदम बोलायला लागले. मी दारामागे सूप खाली ठेवलं.

‘‘आपल्या पुलाचं इचारायचं,’’ शेवटी पाटील म्हणाले. ‘‘पन गावानं इचारायचं. एकट्यानं न्हाई. दवंडी द्या.’’

दवंडी दिली गेली. आणि तिथून पुढे गावाने जे केलं ते आमचंच गाव करू जाणे. सगळ्यांनी असं धरलं की मंत्री एकेका गावाला नाव घेऊन बोलावणार, आपली पाळी आली की आपण बोलायचं, आणि तेही आपल्याला बघणार. बसू ‘तसं न्हाई हो’ म्हणत राहिला, त्याचं कोण ऐकतो? पाटलांनी फेटा धुऊन कडक इस्त्री करायला टाकला. बूथाला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. विजेचा भरवसा नाही म्हणून लग्नातला जनरेटर घेऊन मंडपवाल्या बंडूला बसवलं. आणि आदल्या संध्याकाळी ओट्यावर बैठक झाली, कुणाचं नाव आधी यायचं ही. कायद्याने सरपंच, रिवाजाने पाटील. ‘‘सरपंचाचं नाव मागं कावून?’’ दिगंबर पहिल्यांदाच पाटलांपुढे उभा राहिला, आणि तेही बायकोच्या नावासाठी नाही, स्वतःच्या, कारण ‘सरपंच दिगंबर’ असंच लिहावं असं त्याचं म्हणणं होतं. पूल कसा मागायचा यावर त्या बैठकीत एक शब्द निघाला नाही. दारामागे मी ओठ चावून लाल केले होते.

दुसऱ्या दिवशी आईने परातभर सुशीला केला, मुरमुरे भिजवून, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. गाव खाऊन बूथापुढे जमलं. संगणकाला हळदकुंकू लावून पाटलांनी नारळ फोडला, आणि थोडं पाणी कळांवर उडालं तेव्हा बसूने डोळे मिटून घेतले. लिहायला मला बसवलं होतं, कारण दोन बोटांनी गावाचा प्रश्न लिहिणं बरं दिसलं नसतं. ‘‘पोरगी लिवील फक्त,’’ पाटलांनी अप्पांना सांगितलं. ‘‘सांगू आमी.’’ जनरेटर धडधडत होता, तो आवाज कमी पडला म्हणून लाइनही किंचाळली, आणि पान उघडलं. लोकांचे प्रश्न एकाखाली एक येत होते. कुणी दोन ओळीत खड्ड्यांबद्दल विचारलं होतं, कुणी वळणावरच्या अपघातांबद्दल, आणि खाली उत्तरंही येत होती.

‘‘लिव्ह,’’ पाटलांनी घसा खाकरला. ‘‘सन्माननीय, कर्तव्यदक्ष, मराठवाड्याच्या मातीवर प्रेम करणारे...’’ मी लिहीत गेले. ‘‘...यांच्या चरणी समस्त ग्रामस्थांच्या वतीनं साष्टांग नमस्कार.’’ मग नावं. रंगनाथराव पाटील. सरपंच दिगंबरराव. इथे कुणीतरी म्हणालं, सोसायटीच्या चेअरमनांचं राहिलं. मागून आवाज आला, भजनी मंडळाच्या अध्यक्षांचं आधी घाला, वयाने मोठे हायेत. ‘‘खोड ते.’’ मी खोडलं. ‘‘परत घाल.’’ परत घातलं. इस्माईलचाचा म्हणाले, ‘‘अरे पुल का बोलो ना बाबा,’’ तर पाटलांनी हातानेच थांबवलं, की आधी मान, मग मागणं. तास सरत चालला होता. मी मागे वळून अप्पांकडे बघितलं. अप्पा माझ्याकडे नाही, पडद्यावरच्या नावांकडे बघत होते, त्यात त्यांचं नाव होतं.

मग कळा चालेनाशा झाल्या. म्हणजे मी दाबत होते, पण अक्षरं उमटेनात. बसूने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्या चौकटीत ठराविकच अक्षरं मावत होती, आणि ती सगळी नमस्कारात आणि नावांत संपली होती. ‘‘पाटील, काही नावं काढू या,’’ तो म्हणाला. ‘‘कुनाची?’’ पाटलांनी गर्रकन वळून विचारलं, आणि स्वतःच निकाल दिला. ‘‘गेलं तेवढं जाऊ द्या. मानाचं गेलं म्हंजे झालं. बाकीचं मागून लिवू.’’ बसूने घाबरून बटण दाबलं.

थोड्या वेळाने आमचा नमस्कार पडद्यावर आला. सगळ्या नावांसकट. आणि त्याच्याखाली मंत्र्यांचं उत्तर आलं, आपल्या गावाच्या सदिच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.

काय टाळ्या पडल्या! दिगंबरने पाटलांना मिठी मारली. भजनी मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत होते. मंत्र्यांनी उत्तर दिलं, आपल्या गावाला दिलं, दिल्ली-मुंबईच्या लोकांच्या बरोबरीने दिलं! सगळे बूथातून ओट्याकडे वळले, खोबऱ्याचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली. मी खुर्चीतून ओरडले, ‘‘आवो, पुलाचं गेलंच न्हाई!’’ पण जनरेटरच्या धडधडीत आणि त्या आनंदात मी काय ओरडले ते कुणाला ऐकू गेलं असेल? मला रडू यायला लागलं, रागाचं. एवढी मोठी तार जगाला जोडली आणि तिच्यातून आम्ही काय पाठवलं, तर मानपान.

‘‘काय गेलं न्हाई गं?’’

बूथाच्या पायरीपाशी, पदर डोक्यावरून पुढे ओढून, कौसाबाई उभी होती. आमच्या गावची सरपंच. ती बायांमध्ये मागे उभी होती आणि गर्दी हलली तशी एकटीच उरली होती. मी तिला सांगितलं, की काकू, ह्यात पूल न्हाई, नुसतीच नावं गेली. तिने पडद्याकडे बघितलं. तिला वाचता येत होतं, सावकाश, इंग्रजी अक्षरं जुळवत. बोट टेकवत तिने नावांवरून नजर फिरवली, आणि ‘सरपंच’ या शब्दापाशी थांबली. पुढचं नाव वाचून ती हसली, पण ते हसू मला बघवलं नाही.

‘‘अजून हाय का वेळ?’’

‘‘थोडा हाय.’’

‘‘मग लिव्ह. तुला यील तसं लिव्ह. खाली माजं नाव घाल. सरपंच कौसाबाई म्हन. एकदा तरी घाल.’’

मी लिहिलं. ‘आमच्या गावचा पूल वाहून गेला. मुलींचं कॉलेजला जाणं बंद पडलं. पूल कधी बांधणार?’ आणि तिचं नाव. चौकट निम्मीसुद्धा भरली नाही. इतकी थोडी जागा लागते खऱ्या प्रश्नाला, हे बघून मला हसू की रडू असं झालं. मी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. धडधड थांबली होती. बंडूने जनरेटर बंद केला होता. मी धावत बाहेर गेले तर तो खोबरं चघळत वायर गुंडाळत होता. ‘‘परसाद वाटला की,’’ तो मलाच समजावून सांगायला लागला, ‘‘परसाद वाटला म्हंजे कार्यक्रम संपला न्हाई का?’’

प्रश्न गेला की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बसूची लाइन लागेना, मंत्र्यांचं ते पान नंतर उघडेना. मी भाकरी थापताना मध्येच थांबायची, आई ओरडायची, भाकरी करपायची. परसात सीताफळांना डोळे पडायला लागले होते, म्हणजे दसरा जवळ आला होता. उदगीरकरांनी मुलगी बघायला कधी येऊ म्हणून निरोप पाठवला होता.

रविवारी पेपरात अख्खं पान आलं. निवडक प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं. ओटा इतका भरला होता की इस्माईलचाचांना मशीन उचलून आत ठेवावं लागलं. अप्पा वाचत गेले. कुठल्या कुठल्या गावांचे रस्ते, घाट, वळणं. मी दारामागे उभी होते, बसले नव्हते. कौसाबाईचं नाव येतंय का म्हणून कानांत प्राण गोळा झाला होता. आणि मग अप्पांचा आवाज चढला, कारण आमच्या गावाचं नाव आलं. ‘‘समस्त ग्रामस्थांच्या वतीनं साष्टांग नमस्कार. रंगनाथराव पाटील, सरपंच दिगंबरराव...’’ सगळी नावं, क्रमाने. ‘‘उत्तर. आपल्या गावाच्या सदिच्छांबद्दल मनःपूर्वक आभार.’’ त्याखाली दुसऱ्याच गावाचा प्रश्न सुरू झाला. आमचा दुसरा प्रश्न नव्हता.

‘‘परत वाचा अप्पाशेठ,’’ पाटील म्हणाले. अप्पांनी परत वाचलं. पुन्हा टाळ्या. मग चष्मा कपाळावर गेला असणार, कारण ती शांतता आली. पाटलांची पाळी. सुपारी गालातून गालात सरकली, ‘आता असं हाय बगा’ म्हणायला तोंड उघडलं असेल, आणि मला कळायच्या आत माझा हात दारावर होता आणि मी ओट्यावर होते. उन्हाने डोळे दिपले. एवढी माणसं मी एका जागी समोरून कधी बघितली नव्हती, नेहमी भिंतीतून ऐकली होती. माझा आवाज फाटका निघाला.

‘‘अप्पा, ह्यात पूल कुठंय?’’

‘‘कावून मधी बोलायली ही?’’ पाटील मला नाही, अप्पांना म्हणाले. ‘‘आत घ्या तिला.’’

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठतात. पण त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला, पेपर मांडीवर सरळ केला आणि आमच्या गावाचा तो मजकूर पहिल्या शब्दापासून बोट फिरवत, मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली. अप्पांना मनात वाचताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. नुसते ओठ हलत होते. बोट नमस्कारावरून गेलं, पाटलांवरून गेलं, स्वतःच्या नावावर आलं, पुढे गेलं, आभारांवर जाऊन थांबलं. मग ते परत वर आलं, आणि पुन्हा खाली.

‘‘न्हाई,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पूल न्हाई ह्यात.’’

बस, एवढंच. त्यांनी पेपर घडी करून दुकानात ठेवला, आणि त्या दिवशी पुढची पानं गावाने ऐकलीच नाहीत.

आमच्या गावाचा आता फोनवर ग्रुप आहे. सकाळी उठले की त्यात फुलं आणि सुविचार, कुणाचा वाढदिवस असला की मान्यवरांचे फोटो क्रमाने, आणि मानाचा क्रम चुकला की भांडण. बाया सगळ्या आहेत त्यात, पण बोलत नाहीत. मला अधूनमधून राहवत नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेची भिंत कलली, आणि त्यावर पन्नास अभिनंदनं आली की मी तेवढं एकच लिहिते, ‘ह्यात पूल कुठंय?’ नवी मुलं विचारतात, काकू, कुठला पूल? पूल तर केव्हाच झालाय. झालाय खरा, पुढे दोनतीन पावसाळे गेल्यावर. कौसाबाईने ग्रामसभेत उभं राहून तो प्रश्न स्वतः विचारला, दिगंबर शेजारी खाली बघत बसला होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मला आठवतो तो पुलाआधीचा ओढा.

त्या रविवारी रात्री मी अप्पांना एवढंच सांगितलं, की कौसाबाईच्या नावाने मी एक प्रश्न लिहिला होता. दुसऱ्या दिवशी अप्पांनी लिंगपूजा कधी नव्हे इतक्या लवकर उरकली. आईला म्हणाले, धपाटे बांध. आई काही विचारणार होती, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तिने पिठात हात घातला. इस्माईलचाचांनी शिवलेला ड्रेस मी घातला, बाही मनगटापर्यंत येत होती. ओढ्यावर आलो तेव्हा मुलगे पलीकडे जात होते, बाया धुणी घेऊन आल्या होत्या. पलीकडच्या काठावर गाडीची वाट बघणारी माणसं उभी होती, आणि वर देवळापाशी पाटील तोंड धुवत होते. सगळे बघत होते. अप्पांनी धोतर वर खोचलं, माझी पिशवी घेतली आणि डोक्यावर ठेवली. दुकानाची पायरी उतरताना तांब्यासुद्धा हातात न धरणारे माझे वडील. ते पाण्यात उतरले. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर धरली आणि त्यांच्या मागे उतरले. पाणी गार होतं, तळाचे दगड शेवाळलेले होते, आणि मी खाली बघून चालले होते, कारण वर बघितलं असतं तर परत फिरले असते.

मधोमध, जिथे तुटलेल्या पुलाचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना दिसतात, तिथे अप्पा थांबले.

‘‘कौसाबाईच्या नावानं काय लिव्हलतंस तू?’’

मी सांगितलं, हळू आवाजात.

‘‘ऐकू आलं न्हाई,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पान्याचा आवाज हाय. मोठ्यानं बोल.’’

आणि एका हाताने डोक्यावरची पिशवी सावरत, दुसऱ्या हाताने त्यांनी चष्मा कपाळावर सारला.